मर्यादेचं भान

क्रूझ कंट्रोलचं काम एका वाक्यात सांगून होतं. चालकाने ठरवलेला वेग, त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही गाडीने राखायचा. चढ लागला तर इंजिनाकडे जास्त जोर मागायचा, उतार लागला तर कमी. एवढ्याशा मागणीसाठी जाणत्या हाताने काढलेलं मॉडेल समोर आलं की मी ते घाईने चाळत नाही. त्यात वाचण्यासारखं पुष्कळ असतं, आणि त्यातलं उत्तम ते बहुधा पहिल्या नजरेत सापडत नाही.

मॉडेल म्हणजे पडद्यावरचा आराखडा. त्यातला प्रत्येक चौकोन ही एक क्रिया असते: बेरीज, गुणाकार, तुलना, मर्यादा घालणं. त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे सिग्नल. अभियंता सी भाषेतल्या ओळी हाताने लिहीत बसत नाही. सिम्युलिंकसारख्या साधनात तो आराखडा काढतो, संगणकावरच चालवून पाहतो, आणि मनासारखा झाला की त्यातूनच कोड तयार होऊन गाडीतल्या ईसीयूमध्ये, म्हणजे नियंत्रक संगणकात, जातो. पुण्यात हिंजवडीपासून चाकणपर्यंत या कामावर पोट असलेली माणसं ठिकठिकाणी भेटतात. नव्याने आलेल्या मुलांच्या हाती अनेकदा आधी दुसऱ्याच्या मॉडेलच्या चाचण्या येतात आणि बऱ्याच जणांना ते काम दुय्यम वाटतं. मला वाटतं, या पेशाची मुळाक्षरं तिथेच गिरवली जातात. चांगली मॉडेलं वाचल्याशिवाय चांगलं मॉडेल काढता येत नाही. म्हणून क्रूझ कंट्रोलच्या अशाच एका मॉडेलमधून, एकेक भाग पाहत, सावकाश जाऊ या.

आधी नुसती मांडणी पाहा. आत येणारे सिग्नल डावीकडे, बाहेर जाणारे उजवीकडे, आणि मधला सगळा प्रवाह डावीकडून उजवीकडे. मोटार उद्योगात एमएएबी नावाची नियमावली २००१ मध्ये आली आणि ही शिस्त तिच्यातलीच. पण नियम पाळणं वेगळं आणि त्याचा उपयोग करून घेणं वेगळं. या मॉडेलमध्ये उजवीकडून डावीकडे येणाऱ्या रेषा मोजक्याच आहेत, आणि त्यातली प्रत्येक फीडबॅकची आहे. जे परत येतं आहे ते नजरेत भरावं म्हणून बाकी सगळं एका दिशेने वाहू दिलं आहे. रेषा एकमेकींना छेदत नाहीत. सिग्नलच्या नावातच त्याचं एकक लिहिलं आहे, त्यामुळे ताशी किलोमीटर आणि सेकंदाला मीटर यांची गल्लत होत नाही. हे मॉडेल कधी न पाहिलेला माणूसही पाच मिनिटांत फीडबॅकच्या रेषेवर बोट ठेवतो. दुसऱ्याच्या डोळ्यांची इतकी काळजी घेणारा अभियंता मला पहिल्या पानावरच जिंकतो.

या आराखड्याचा अर्धा भाग ईसीयूत कधीच जात नाही. तो भाग म्हणजे गाडीचं गणित. धंद्यात त्याला ‘प्लांट’ म्हणतात. कंट्रोलर खऱ्या गाडीवर लावण्याआधी या कागदी गाडीवर चालवून पाहायचा असतो. समजा १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरने सपाट रस्त्यावर चालली आहे. हवेचा विरोध साधारण २०० न्यूटन, टायरचा १४० च्या आसपास; म्हणजे ३४० न्यूटन जोरावर तो वेग टिकतो. आता शंभर मीटरला चार मीटर चढणारा रस्ता लागू द्या. एकट्या चढापायी आणखी ४७० न्यूटन लागतात. मागणी दुपटीच्या वर जाते आणि दहा किलोवॉटहून जास्त शक्ती चाकांपाशी नव्याने पोचवावी लागते. आत बसलेल्यांना जेमतेम जाणवणारा चढ इंजिनाला केवढा भारी पडतो, ते या दोन-तीन समीकरणांत लख्ख दिसतं.

या प्लांटमध्ये जे नाही, तेही पाहण्यासारखं आहे. सिलिंडरमधला एकेक स्फोट नाही, टायरच्या रबराची लवचीकता नाही. गाडीचा वेग बदलायला काही सेकंद लागतात; त्या हिशेबात पिस्टनच्या एका फेरीला महत्त्व नाही. आज्ञा दिल्यापासून चाकाला जोर मिळेपर्यंतचा विलंब मात्र काळजीने ठेवला आहे, कारण उशिरा पोचणारी दुरुस्ती सावरण्याऐवजी वेगाला हेलकावे देते. शिवाय गाडीचं वजन एका आकड्यात कोंडलेलं नाही. एकटा चालक असल्यापासून पाच माणसं आणि भरलेली डिकी असेपर्यंत, १२०० ते १६०० किलोंची पूर्ण पट्टी चाचणीत फिरवता येते. नवखा अभियंता आपल्याला ठाऊक असलेलं सगळं प्लांटमध्ये भरतो. इथे प्रत्येक गोष्टीला आत येण्याचं कारण विचारलेलं दिसतं, आणि ज्या थोड्या गोष्टी आत आल्या त्यांचं वजन ओळखलेलं दिसतं.

आता कंट्रोलर. ठरवलेला वेग वजा प्रत्यक्ष वेग, म्हणजे चूक. त्या चुकीला एका आकड्याने गुणलं की जास्तीचा जोर मिळतो. हा आकडा, म्हणजे गेन, ताशी एका किलोमीटरला २०० न्यूटन धरू. चार टक्क्यांच्या चढावर ४७० न्यूटन जास्त हवेत, आणि ते मिळायला चूक २.३५ इतकी असावी लागते. मग गाडी ८० ला न राहता ७७.६ च्या आसपास स्थिरावते आणि तिथेच राहते. जोर हवा तर चूक शिल्लक हवी, ही या पद्धतीची अंगभूत अडचण आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवलेल्या फिरत्या गोळ्यांच्या गव्हर्नरलाही तीच होती. भार वाढला की इंजिन थोडं मंदावायचं आणि मंदावलेलंच राहायचं. मॅक्सवेलने १८६८ च्या ‘ऑन गव्हर्नर्स’ या निबंधात चूक नुसती कमी करणारी यंत्रं आणि ती पुरती नाहीशी करणारी यंत्रं अशी दोन वर्गांत विभागणी केली. चूक नाहीशी करायची तर तिची बेरीज ठेवावी लागते. मॉडेलमधला इंटिग्रेटर हेच करतो: उरलेली चूक क्षणाक्षणाला साठवत, चूक शून्य होईतो जोर वाढवत नेतो.

निकोलस मिनोर्स्कीने १९२२ मध्ये जहाजांच्या सुकाणूचं गणित मांडलं, ते मुरलेले सुकाणूधर काय करतात याच्या निरीक्षणावरून. आत्ताची चूक, साठलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग अशा तीन गोष्टी त्याने त्यात धरल्या. यातली तिसरी आपल्या मॉडेलमध्ये नाही, आणि ते मला फार आवडतं. चाकाच्या सेन्सरकडून येणारा वेग बारीक थरथरत असतो. त्याच्या बदलाचा दर काढला की थरथर मोठी होऊन इंजिनापर्यंत जाते. हजारावर किलोंच्या गाडीचं जडत्व एरवीही वेगाला शांतपणे बदलायला लावतंच. साधन हाताशी आहे, पुस्तकात त्याचा गौरव आहे, तरी गरज नाही म्हणून ते जागेवरच ठेवण्यात मोठा संयम आहे.

इथून पुढे या मॉडेलचा गाभा लागतो. समजा चढ इतका तीव्र आहे की इंजिन पूर्ण जोर लावूनही वेग ७२ च्या वर जात नाही. चूक आहेच, म्हणून इंटिग्रेटर साठवतच राहतो. मागणी कागदावर फुगत जाते. इंजिनाने मात्र केव्हाच हात टेकलेले असतात. मग माथा येतो, चढ संपतो. आता जोर कमी व्हायला हवा, पण साठलेली बेरीज ओसरायला उलट्या दिशेची चूक लागते. म्हणजे गाडी ८० ओलांडून भलतीकडे पळते आणि मग कुठे भानावर येते. या दोषाला ‘विंडअप’ म्हणतात. त्यावरचा उपाय आराखड्यात एका बारीक रेषेत आहे. मर्यादेच्या ब्लॉकआधीची मागणी आणि नंतरची मागणी यांतला फरक घेऊन ती रेषा मागे इंटिग्रेटरकडे जाते आणि त्याची साठवण तिथल्या तिथे आवरते.

ही रेषा पुष्कळांच्या मॉडेलमध्ये असते. इथली खुबी ती कुठून निघते यात आहे. बहुतेक जण कंट्रोलरच्या स्वतःच्या मर्यादेपासून ती ओढतात. या मॉडेलमध्ये ती इंजिनाने कळवलेल्या, प्रत्यक्ष देता आलेल्या जोरापासून निघते. एसीचा कॉम्प्रेसर चालू असेल, इंजिन तापलं असेल, गिअर बदलत असेल, तर मिळणारा जोर कागदावरच्या कमाल जोराहून कमी असतो, आणि इंटिग्रेटरला खरं काय घडलं तेच कळायला हवं. सगळ्या आराखड्यातली माझी ही सर्वांत आवडती रेषा. आपलं म्हणणं जगाने किती ऐकलं याची नोंद घेत पुढचं मागणं ठरवायचं, एवढं शहाणपण तिच्यात आहे.

चालक ‘सेट’चं बटण दाबतो तो क्षणही असाच निरखावा. त्या वेळी इंटिग्रेटर शून्यापासून सुरू केला तर इंजिनाचा जोर एकदम पडतो, गाडी किंचित दबते आणि मग सावरते. इथे बटण दाबताक्षणी इंटिग्रेटरमध्ये आधीच एक किंमत भरली जाते: चालकाच्या पायाखाली इंजिन त्या क्षणी जेवढा जोर देत होतं, नेमकी तेवढी. सूत्रं पायाकडून संगणकाकडे जातात आणि आत बसलेल्याला काही कळत नाही. ‘रिझ्यूम’ दाबल्यावरही तीच अदब. गाडी ६० वर असेल आणि आठवणीतला वेग ८० असेल, तर लक्ष्य एकदम ८० वर उडी मारत नाही. ते सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद अशा चालीने सरकतं आणि पाच-साडेपाच सेकंदांत तिथे पोचतं.

हा हळुवारपणा क्रूझ कंट्रोलच्या जन्मापासूनचा आहे. राल्फ टीटर हा अमेरिकन अभियंता पाच वर्षांचा असताना अपघातात अंध झाला होता. त्याचा वकील गाडी चालवता चालवता बोलायला लागला की वेग खालीवर करायचा आणि त्या हिसक्यांना कंटाळून टीटरच्या मनात ही कल्पना आली, असं सांगितलं जातं. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत ही सोय आली. वेगाचा काटा ज्याला दिसत नव्हता, त्या माणसाने अंगाला जाणवणाऱ्या धक्क्यांवरून हे यंत्र कल्पिलं. ‘सेट’च्या क्षणी इंटिग्रेटरमध्ये भरलेली ती किंमत टीटरच्या कसोटीला पुरेपूर उतरते.

वेगाच्या गणिताशेजारी एक वेगळं चित्र आहे: गोल कोपऱ्यांच्या चौकटी आणि बाण. हा स्थितींचा नकाशा. बंद, सज्ज, चालू. आणि ‘चालू’च्या पोटात पुन्हा दोन, वेग राखणं आणि चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून स्वतः वेग वाढवणं. चौकटीच्या पोटात चौकट ठेवण्याची ही रीत डेव्हिड हारेलची. १९८० च्या दशकात इस्रायलच्या लावी लढाऊ विमानाच्या अभियंत्यांबरोबर काम करताना ती त्याला सुचली. १९८७ च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात तिचं मुख्य उदाहरण होतं सिटिझन कंपनीचं एक गजराचं मनगटी घड्याळ. पोटचौकटींचा फायदा आपल्या मॉडेलमध्ये एका बाणात दिसतो. ब्रेक दाबला तर क्रूझ सुटलाच पाहिजे, मग आतली स्थिती कोणतीही असो. आतल्या प्रत्येक चौकटीतून वेगळा बाण काढला तर एखादा राहून जाण्याची भीती. इथे बाण बाहेरच्या मोठ्या चौकटीवरून निघतो, एकदाच. उद्या आत आणखी दोन स्थिती वाढल्या तरी ब्रेकचा हुकूम त्यांना आपोआप लागू होईल.

तो बाण पोचतो कुठे, हेही पाहा. ‘सज्ज’ला. ब्रेक सोडल्यावर गाडी आपणहून पुन्हा वेग घेत नाही. चालकाने ‘रिझ्यूम’ म्हणावं लागतं. ठरवलेला वेग लक्षात ठेवला आहे, परवानगी मात्र ठेवलेली नाही. इंजिन बंद केलं की तो वेगही पुसला जातो. शिवाय ब्रेकची खबर एका स्विचवर सोपवलेली नाही. दोन स्वतंत्र संपर्क आहेत, आणि त्यांची साक्ष जुळली नाही तर क्रूझ ‘बंद’ होतो. या चार-पाच बाणांत माणूस आणि यंत्र यांच्यातला जो करार लिहिला आहे, तो मला मोठमोठ्या सुरक्षा-दस्तऐवजांहून स्वच्छ वाटतो.

आता अगदी खाली, अंकांच्या पातळीवर उतरू. स्वस्त नियंत्रकांत अजून पूर्णांकांवरच हिशेब चालतो. ट्रक-बसच्या जे१९३९ या प्रमाणात गाडीचा वेग १६ बिटांत बसवतात, आणि त्याची एक पायरी ताशी १/२५६ किलोमीटरची असते. इंटिग्रेटरचं काय? समजा चूक ताशी अर्धा किलोमीटर उरली आहे, इंटिग्रेटरचा गेन सेकंदाला ५० आहे आणि हिशेब दर १० मिलिसेकंदांनी होतो. मग प्रत्येक वेळी बेरजेत पाव न्यूटन पडायला हवा. जोराची सर्वांत लहान पायरी एक न्यूटनची असेल, तर पाव न्यूटन कापला जाऊन शून्य होतो. दर वेळी शून्य. संगणकावरच्या चाचणीत अचूक ८० गाठणारी गाडी रस्त्यावर कायम अर्ध्या किलोमीटरने मागे राहते, आणि आराखड्यात कुठेच चूक सापडत नाही. आपल्या अभियंत्याने बाहेर जाणारा जोर १६ बिटांचा ठेवला आहे, पण आतली साठवण ३२ बिटांची आहे. खालचे बिट त्या पाव-पाव न्यूटनांसाठी राखून ठेवले आहेत. सेकंदभरात त्यांचे २५ न्यूटन होतात आणि गाडी ८० वर येऊन ठेपते. पैपैचा हिशेब म्हणतात तो हाच, आणि तो इतक्या गुपचूप मांडलेला आहे की शोधणाऱ्यालाच सापडावा.

चाचण्यांचं दप्तर मॉडेलचाच भाग मानून वाचावं. आधी आराखडा चालवायचा, मग त्यातून निघालेला कोड त्याच इनपुटांवर चालवायचा, आणि दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवून फरक तपासायचा. शेवटी खरा ईसीयू एचआयएल बेंचवर येतो. तिथे त्याच्या वायरींना गाडीऐवजी एक वेगवान संगणक जोडलेला असतो. तो प्लांटचं तेच गणित सोडवून चाकाचे, ब्रेकचे सिग्नल पुरवतो, आणि ईसीयू आपण रस्त्यावरच आहोत असं धरून वागतो. इथल्या चाचण्यांची यादी मला एखाद्या नाट्यसंहितेइतकी रंगतदार वाटते. भर चढावर वेगाच्या सेन्सरची वायर तुटते. दोन ब्रेक-संपर्कांपैकी एक अडकतो. ‘रिझ्यूम’ आणि ब्रेक एकाच क्षणी दाबले जातात. रस्त्यावर जे मुद्दाम करून पाहायला कोणी धजणार नाही, ते इथे रोज रात्री आपोआप होतं. ही यादी कल्पनाशक्तीचं काम आहे. संकटं आधी मनात पाहता येणारा माणूसच ती अशी लिहू शकतो.

गेनचे आकडे शेवटी पक्के होतात ते गाडीत बसून. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या नगरच्या) व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेच्या ट्रॅकसारख्या ठिकाणी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला कॅलिब्रेशनवाला धावत्या ईसीयूतले आकडे बदलत जातो. मॉडेलमध्ये त्याच्यासाठी टेबलं ठेवली आहेत: कोणत्या गिअरला, कोणत्या वेगाला किती गेन. इथे कौतुक कमी आकड्यांचं आहे. प्रत्येक टेबलात मोजक्याच किमती, प्रत्येकीशेजारी तिचा अर्थ, तिची वाजवी पट्टी, आणि ती वाढवली तर गाडीत काय जाणवेल याची एक ओळ. आपल्यानंतर काम करणाऱ्याच्या हातात काय द्यायचं आणि किती द्यायचं, हे ज्याने ओळखलं त्याला सहकाऱ्याच्या वेळेची किंमत कळते.

अशा मॉडेलला एक इतिहास असतो. प्रत्येक बदलाची नोंद तारखेनिशी राहते. गाडीचा सांगाडा बदलतो, इंजिन बदलतं, २०२० मध्ये बीएस-६ सारखे नवे नियम येतात, आणि मॉडेल वर्षानुवर्षं पुढे चालत राहतं. एकाच हाताच्या नोंदी सलग वाचत गेलं की कारकीर्द उलगडते. सुरुवातीच्या नोंदींत भर असते: नवा ब्लॉक, नवा फिल्टर, जादा अट. मधल्या वर्षांत नोंदी कडेला सरकतात: सिग्नल हरवला तर, मर्यादा गाठली तर, दोघांची साक्ष जुळली नाही तर. शेवटच्या वर्षांत काढून टाकण्याच्या नोंदी वाढतात: दोन फिल्टरचं काम एकाने भागतं, अमुक अट कधीच खरी होत नाही, अमुक टेबल नको. आराखडा लहान होतो आणि चाचण्यांची यादी वाढते. पदोन्नतीच्या पत्रात हे कुठे लिहिलेलं नसतं, पण माणूस कामात किती खोल गेला ते इथे पानापानावर दिसतं.

म्हणून नव्या मुलांना माझं एक सांगणं असतं. मॉडेल उघडलं की आधी गेनचे आकडे पाहू नका. ते गाडीबरोबर बदलतात. इंटिग्रेटर शोधा आणि त्याच्याकडे परत येणारी रेषा बोटाने मागे मागे न्या. मागितलेलं मिळालं नाही तर या आराखड्याला ते कळतं का, आणि कळल्यावर तो आपलं मागणं आवरतो का, हे पाहा. त्या रेषेचं दुसरं टोक खऱ्या इंजिनापर्यंत पोचत असेल, तर आराखडा काढणारा माणूस आपल्या पेशात मुरलेला आहे, असं खुशाल समजा.